ट्युब्युलिन तेच, बफर तोच, तरी मायक्रोट्युब्यूल कधी बनतात कधी नाही? घोडं कुठे अडतंय ते असं शोधा

सोमवारी कर्व्ह छान वर गेला, दहा मिनिटांत प्लॅटो आला, मंगळवारी त्याच व्हायलमधलं ट्युब्युलिन, तोच बफर, तीच प्लेट, आणि ३४० नॅनोमीटरवर (नळ्या बनल्या की मिक्स धूसर होतं, ती धूसरता म्हणजे टर्बिडिटी इथे मोजतात) अर्धा तास सरळ रेष. बुधवारी परत सगळं ठीक, पण लॅग, म्हणजे कर्व्ह वर जायला लागण्याआधीचा थांबा, दुप्पट. ट्युब्युलिन पॉलिमरायझेशन, म्हणजे ट्युब्युलिन या प्रोटीनपासून परीक्षानळीत मायक्रोट्युब्यूल या पेशीतल्या बारीक नळ्या बनवणं, हे करणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भोगावं लागतं आणि बहुतेक जण पहिली गोष्ट काय करतात तर ट्युब्युलिन खराब झालं म्हणून फेकून देतात. मीही दोन बॅच अशा फेकल्यात ज्या बहुधा चांगल्या होत्या, त्याचं अजून वाईट वाटतं, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मायक्रोट्युब्यूल बनणं हे एक काम नाही, दोन वेगळी कामं आहेत. एक म्हणजे सुरुवात होणं, म्हणजे न्यूक्लिएशन, आणि दुसरं म्हणजे सुरू झालेल्या नळीची वाढ. अल्फा आणि बीटा ट्युब्युलिनची जोडी ८ नॅनोमीटर लांब असते, अशा जोड्या एकीच्या डोक्याला दुसरीची शेपटी लावून एक धागा होतो आणि असे साधारण १३ धागे शेजारी शेजारी जोडले जाऊन २५ नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी होते. आता नळी असेल तर नव्या जोडीला बसायला खालची जागा पण आहे आणि बाजूचे शेजारी पण आहेत, ती टिकते. पण नळीच नसेल आणि दोन-चार जोड्या नुसत्या एकमेकींना चिकटल्या असतील तर बाजूचे बंध खूप कमी आणि कमकुवत, त्यामुळे तो छोटा तुकडा बनतो तेवढ्याच वेगाने तुटतो. एका ठराविक आकाराच्या पुढे गेला तरच तो तगतो. हा जो चढ आहे तोच न्यूक्लिएशनचा अडथळा, आणि तुमच्या कर्व्हमधला लॅग म्हणजे मुख्यतः हा चढ चढायला लागलेला वेळ.

आणि इथेच सगळी गोम आहे. वाढीचा वेग ट्युब्युलिनच्या प्रमाणात साधारण सरळ रेषेत वाढतो, पण न्यूक्लिएशन तसं नाही, त्याला अनेक जोड्या एकाच वेळी एकत्र यायला लागतात म्हणून कॉन्सन्ट्रेशन थोडं कमी झालं तरी न्यूक्लिएशन धाडकन खाली येतं. तुम्हाला वाटतं की दहा टक्के इकडे तिकडे झालं तर काय बिघडतं, पण त्या दहा टक्क्यांत लॅग डोळ्याला दिसेल इतका लांबतो. म्हणजे तुमचा एक्सपरिमेंट "कधी चालतो कधी नाही" असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा तो या चढाच्या अगदी काठावर उभा असतो.

म्हणून बफर बदलण्याआधी, नवीन ट्युब्युलिन मागवण्याआधी ही एक टेस्ट करा. जीएमपीसीपीपी वापरून सीड्स, म्हणजे वाढ सुरू करून देणारे तयार नळ्यांचे छोटे तुकडे, बनवा. हा जीटीपीसारखाच (ट्युब्युलिनला नळी करायला लागणारा रेणू) रेणू आहे पण ट्युब्युलिन त्याला फार हळू तोडतं त्यामुळे नळ्या स्थिर राहतात, आणि त्याच्याबरोबर न्यूक्लिएशन इतकं सोपं होतं की अगदी थोड्या ट्युब्युलिनमध्येही नळ्या बनतात. ३७ डिग्रीला बनवा, सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवा, कोमट बफरमध्ये घ्या, बारीक सुईच्या सिरिंजमधून दोन-तीनदा ओढून तुकडे करा. हे सीड्स तुमच्या अडलेल्या मिक्समध्ये थोडेसे टाका आणि शेजारच्या वेलमध्ये सीड्सशिवाय तेच मिक्स ठेवा. सीड्स टाकल्यावर कर्व्ह लगेच लॅगशिवाय वर गेला तर तुमचं ट्युब्युलिन जिवंत आहे, जीटीपी ठीक आहे, अडलंय ते फक्त न्यूक्लिएशन. सीड्स टाकूनही काहीच होत नसेल तर वाढच बंद आहे, म्हणजे ट्युब्युलिन, जीटीपी, कॅल्शियम किंवा तापमान यातलं काहीतरी मूळात बिघडलंय. एका दुपारचं काम आहे पण यानंतर शोध अर्ध्यावर येतो.

समजा सीड्स टाकूनही रेष सरळ. मग मी सगळ्यात आधी जीटीपी बघतो. पावडर पाण्यात विरघळवली की द्रावण आम्ल होतं, पीएच ७ च्या आसपास आणून लहान लहान अ‍ॅलिकॉट करून गोठवले नाहीत तर जीटीपीचं जीडीपी होत जातं, आणि जीडीपी बीटा-ट्युब्युलिनमधली तीच जागा धरतं आणि वाढ अडवतं. म्हणजे नुसती कमतरता नाही, उलट अडथळाच. नवीन व्हायल उघडून बघणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. दुसरं कॅल्शियम, ते नळ्या बनू देत नाही. १९७२ मध्ये वायझनबर्गने मेंदूच्या अर्कातून परीक्षानळीत पहिल्यांदा मायक्रोट्युब्यूल बनवून दाखवले त्यातली किल्लीच ही होती की ईजीटीए टाकून कॅल्शियम बांधून टाकलं आणि जीटीपी दिलं, त्याआधी ते जमत नव्हतं. बीआरबी८० या नेहमीच्या बफरमध्ये म्हणजे ८० मिलिमोलर पाइप्स, १ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, १ मिलिमोलर ईजीटीए, पीएच ६.८, यात तो ईजीटीए उगाच नाहीये. आणि लक्षात घ्या की पीएच ६.८ ला ईजीटीएची कॅल्शियमवरची पकड ७.४ पेक्षा बरीच सैल असते, त्यामुळे तुम्ही टाकलेल्या प्रोटीनच्या स्टॉक बफरमध्ये कॅल्शियम असेल (कॅल्मोड्युलिन या कॅल्शियम धरणाऱ्या प्रोटीनवर काम करणाऱ्यांनो, तुमच्यासाठी) तर १ मिलिमोलर पुरेलच असं नाही.

ट्युब्युलिन स्वतः मेलेलं असणं, हे पण होतं. ते छोट्या अ‍ॅलिकॉटमध्ये लिक्विड नायट्रोजनमध्ये झटकन गोठवून उणे ८० ला ठेवायचं, उणे २० च्या फ्रीजरमध्ये हळूहळू गोठलं तर गेलं. काढताना हातात किंवा ३७ च्या पाण्यात भरभर वितळवायचं, थोडा बर्फ शिल्लक असतानाच बर्फावर ठेवायचं, आणि मग वेळ घालवायचा नाही. बर्फावर तासनतास ठेवलेलं ट्युब्युलिन दिसायला तसंच दिसतं पण त्यातला वाढायला लायक भाग कमी कमी होत जातो. एकदा वितळलेलं परत गोठवू नका, कितीही जीव हळहळला तरी.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त महत्त्वाची वाटते कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडलेलं असतं. सीड्सवर मस्त वाढ होतेय पण आपोआप नळ्या सुरू होत नाहीत. पहिला प्रश्न, मुळात तेवढ्या कॉन्सन्ट्रेशनला सुरू व्हायला हव्यात का? शुद्ध ट्युब्युलिन, ग्लिसरॉल नाही, साधा बीआरबी८०, ३७ डिग्री, अशा वेळी सीड्सवर वाढ ५ ते १० मायक्रोमोलरच्या पट्ट्यातही दिसते पण आपोआप सुरुवात व्हायला साधारण २० च्या पुढे जावं लागतं. १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे साधारण ९ मायक्रोमोलर, हे गणित एकदा कागदावर करा. १५ मायक्रोमोलरला सरळ रेष येत असेल तर काही बिघडलेलं नाहीये, तसंच व्हायला हवं.

पण तुम्ही म्हणाल मी २५ घेतलंय. खरंच २५ आहे का? २८० नॅनोमीटरवर मोजत असाल तर बफरमधलं मोकळं जीटीपी पण तिथे प्रकाश शोषतं, भरपूर शोषतं, आणि ब्लँकमध्ये तेवढंच जीटीपी नसेल तर आकडा फुगलेला येतो. ब्रॅडफर्ड (रंगाने प्रोटीन मोजायची टेस्ट) करा पण दर वेळी एकाच स्टँडर्डने करा. आणि स्पिन करण्याआधी नाही, स्पिन केल्यानंतर मोजा, कारण गोठवण्या-वितळवण्यात काही ट्युब्युलिनच्या गुठळ्या होतात, त्या अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये थंड स्पिनला खाली बसतात आणि वर उरतं ते ठरवल्यापेक्षा कमी. एखाद्या दिवशी जास्त गुठळ्या, एखाद्या दिवशी कमी, आणि तुम्ही मात्र नळीवर लिहिलेला जुना आकडा धरून चाललाय. वर सांगितलं तसं न्यूक्लिएशन या फरकाला माफ करत नाही.

मग मॅग्नेशियम. हे मला कळायला फार उशीर लागला. बफरमध्ये १ मिलिमोलर मॅग्नेशियम आहे आणि तुम्ही १ मिलिमोलर जीटीपी टाकलं तर जीटीपी जवळजवळ एकास एक मॅग्नेशियम धरून बसतं, मोकळं फार थोडं उरतं. मॅग्नेशियम वाढलं की न्यूक्लिएशन वाढतं, कमी झालं की कमी. कुणी जीटीपी १ टाकतं कुणी २ टाकतं, आणि दोघांचे लॅग वेगळे आले की ट्युब्युलिनला दोष. जीटीपी जितकं वाढवाल तितकं मॅग्नेशियम पण वाढवा, निदान हिशोबात तरी धरा. ग्लिसरॉल पण न्यूक्लिएशनला जोरात मदत करतं, म्हणून तयार किटच्या बफरमध्ये ते असतं, आणि ते घट्ट असल्यामुळे पिपेटमध्ये चिकटून राहतं, दर वेळी तेवढंच जात नाही. हळू ओढा, हळू सोडा, टिप बाहेरून पुसा.

यातलाच एक प्रकार माझ्याबाबतीत झाला तो सांगतो कारण असाच घोळ अजून बऱ्याच जणांचा होत असणार. आम्ही नवीन बॅच शुद्ध केली, एक जादा कॉलम लावला, जेलवर बघितलं तर ट्युब्युलिनचा जाड पट्टा आणि बाकी जवळपास काही नाही, सगळे खूश. आणि ती बॅच जुन्या कॉन्सन्ट्रेशनला उठायलाच तयार नाही. तीन आठवडे आम्ही बफर बनवत बसलो. मग सीड्स टाकून बघितले तर वाढ एकदम व्यवस्थित, जुन्या बॅचपेक्षा कणभर चांगलीच. तेव्हा लक्षात आलं की जुन्या बॅचमध्ये थोडे मॅप्स म्हणजे मायक्रोट्युब्यूलला चिकटणारी प्रोटीन्स राहिली होती आणि तीच न्यूक्लिएशन करून देत होती, नवीन बॅच जास्त शुद्ध म्हणूनच जास्त आळशी. गंमत म्हणजे हाच अनुभव १९७५ मध्ये कर्शनरच्या लॅबला आला होता, फॉस्फोसेल्युलोज कॉलममधून काढलेलं ट्युब्युलिन त्या परिस्थितीत नळ्या करेना आणि कॉलमवर अडकलेला भाग परत टाकला की करायला लागलं, त्या भागातल्या प्रोटीनला त्यांनी टाऊ नाव दिलं. आपल्याला जो त्रास वाटत होता त्यातूनच त्यांना टाऊ सापडलं. तेव्हा नवीन बॅच आली की तिचा काठ नव्याने शोधा, चार-पाच कॉन्सन्ट्रेशन लावून, जुना आकडा गृहीत धरू नका.

तापमानाचं थोडक्यात. बर्फावरचं १०० मायक्रोलिटर मिक्स प्लेटमध्ये टाकलं की ते ३७ ला यायला काही मिनिटं जातात आणि ती मिनिटं तुम्ही लॅग म्हणून मोजता. प्लेट आधी तापवून ठेवा, कडेचे वेल टाळा, झाकणावर वाफ धरतेय का बघा, बुडबुडा असेल तर तो फोडा, एक बुडबुडा अख्खा कर्व्ह खराब करतो.

उलटा त्रास पण असतो, लॅगच नाही, टाकल्या टाकल्या कर्व्ह वर. लोक खूश होतात पण हे वाईट लक्षण असू शकतं. एकतर थंड स्पिन केलं नाही म्हणून आधीच गुठळ्या आहेत आणि तुम्ही त्यांचीच धूसरता मोजताय, किंवा मिक्स करताना बेंचवर गरम झालं आणि नळ्या आधीच सुरू झाल्या. याची शहानिशा सोपी आहे, शेवटी प्लेट किंवा नळी ४ डिग्रीला न्या. खरे मायक्रोट्युब्यूल थंडीत विरघळतात आणि रेष खाली येते, गुठळ्या तशाच राहतात. पण टॅक्सोल (नळ्या स्थिर करणारं औषध) घातलेल्या वेलवर हा निकष लावू नका, त्या नळ्या थंडीला दाद देत नाहीत. आणि औषधं तपासणाऱ्यांनो, डीएमएसओ, म्हणजे तुमचं कंपाउंड ज्यात विरघळवता ते द्रव, स्वतः न्यूक्लिएशन वाढवतो! कंपाउंडच्या वेलमध्ये ५ टक्के आणि कंट्रोलमध्ये शून्य असेल तर तुम्ही डीएमएसओचाच परिणाम मोजताय, सगळीकडे एकसारखा आणि शक्य तितका कमी ठेवा. अजून एक, टर्बिडिटी सांगते की एकूण किती पॉलिमर झालं, किती नळ्या आहेत ते सांगत नाही. थोड्या लांब की भरपूर आखूड, हे मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि न्यूक्लिएशनबद्दल बोलायचं असेल तर आकडा नळ्यांचाच लागतो.

पेशीत हा चढ पेशी कशी चढते? तिथे आपोआप सुरू होण्यावर सहसा काम सोडलेलं नसतं, तिथे साचा असतो. ओकली दांपत्याने १९८९ मध्ये अ‍ॅस्परजिलस बुरशीत गॅमा-ट्युब्युलिन शोधलं, आणि १९९५ मध्ये बेडकाच्या अंड्याच्या अर्कातून त्याचं रिंगच्या आकाराचं कॉम्प्लेक्स वेगळं काढलं गेलं, गॅमा-टर्क म्हणतात ते. या रिंगवर ट्युब्युलिनच्या जोड्या बसल्या की बाजूचे शेजारी आयते मिळतात. पण ज्यांनी शुद्ध गॅमा-टर्क घेऊन प्रयोग केलेत त्यांचा ठरलेला प्रश्न असतो की एवढ्या रिंग टाकल्या आणि नळ्या इतक्या कमी का. तर त्यात तुमची चूक असेलच असं नाही. २०२० च्या आसपास क्रायो-ईएममध्ये (गोठवलेला नमुना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघणं) दिसलं की माणसाच्या आणि बेडकाच्या या रिंगमध्ये १४ गॅमा-ट्युब्युलिन आहेत आणि ती वाकडी, उघडी आहे, १३ धाग्यांच्या नळीशी तंतोतंत जुळत नाही, तिला मिटावं लागतं. म्हणजे साचा असूनही चढ पूर्ण संपत नाही, फक्त कमी होतो. म्हणून सीएच-टॉग, ज्याला बेडकात एक्समॅप२१५ म्हणतात, त्याच्यासारखं ट्युब्युलिन आणून देणारं प्रोटीन बरोबर टाकलं की नळ्यांची संख्या चांगली वाढते. तुमच्या हातात तपासण्यासारखं काय, तर मीठ. जास्त मिठात ही रिंग सुटी होते, प्युरिफिकेशनच्या शेवटच्या पायऱ्यांमध्ये क्षार किती आहे बघा, आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली निगेटिव्ह स्टेनमध्ये रिंग शाबूत दिसतात का ते बघूनच पुढे जा.

आणि दिसणारी प्रत्येक नळी गॅमा-टर्कचीच आहे कशावरून? काचेवर बांधलेल्या रिंगमधून निघालेली नळी एका टोकाला घट्ट बसलेली असते, ते टोक हलत नाही, वाढत नाही, फक्त दुसरं टोक वाढतं. दोन्ही टोकं वाढताना दिसली तर ती आपोआप झालेली, मोजू नका. गॅमा-टर्क न टाकलेला चॅनल दर वेळी लावा, आठवड्यातून एकदा नाही, दर वेळी, कारण आपोआप होणाऱ्यांची संख्या ट्युब्युलिनच्या त्या दिवसाच्या अ‍ॅलिकॉटवर ठरते.

शेवटी पेशींमधलं रिग्रोथ, म्हणजे बर्फावर ठेवून सगळे मायक्रोट्युब्यूल विरघळवायचे आणि परत गरम करून कुठून उगवतात बघायचं. इथे सतत येणारी तक्रार म्हणजे दोन कव्हरस्लिप कधीच सारख्या येत नाहीत. बघा, बर्फाचे तुकडे नकोत, बर्फ आणि पाणी मिसळून लगदा करा म्हणजे प्लेटच्या तळाशी हवेची पोकळी राहत नाही. अर्धा ते एक तास ठेवा पण शून्य मिनिटाची कव्हरस्लिप फिक्स करून खरंच सगळं विरघळलंय का ते बघाच, काही पेशींमध्ये थंडीला दाद न देणारे स्थिर मायक्रोट्युब्यूल असतात आणि तेच तुकडे सीड्ससारखे वाढतात, मग तुम्हाला वाटतं न्यूक्लिएशन सगळीकडून होतंय. गरम करताना ३७ चं मीडियम सरळ ओता, कव्हरस्लिप काढून गरम वेलमध्ये टाकली तर अजून बरं, आणि वेळ सेकंदांत मोजा. ३० सेकंद, १ मिनिट, २ मिनिटं. पाचव्या मिनिटाचा फोटो देखणा येतो पण तोवर वाढ इतकी झालेली असते की सुरुवात कुठून झाली ते कळत नाही. फिक्स करण्याआधी थंड पीबीएसने धुऊ नका, तेवढ्यात कोवळ्या नळ्या जातात. गॅमा-ट्युब्युलिनचं स्टेनिंग उणे २० च्या मेथॅनॉलमध्ये चांगलं येतं, आणि मागचं मोकळं ट्युब्युलिन धुकं करत असेल तर ईबी१ हे वाढत्या टोकाला चिकटणारं प्रोटीन रंगवून त्याचे ठिपके मोजा, वाढणाऱ्या प्रत्येक टोकाला एक ठिपका असतो म्हणून लवकरच्या वेळेला हाच आकडा न्यूक्लिएशनच्या सगळ्यात जवळ जातो.

सेंट्रोसोमशिवाय (पेशीतलं नळ्या सुरू होण्याचं मुख्य केंद्र) दुसरीकडून पण नळ्या उगवल्या तर घाबरू नका, आरपीई१ सारख्या पेशींमध्ये गॉल्जीवरून भरपूर उगवतात, तिथे एकेएपी४५० हे प्रोटीन गॅमा-टर्कला धरून ठेवतं, म्हणून गॉल्जीचा मार्कर त्याच कव्हरस्लिपवर लावून ठेवा. आणि गॅमा-ट्युब्युलिन कमी करूनही रिग्रोथ होतोय म्हणून नॉकडाऊन, म्हणजे ते प्रोटीन कमी करण्याचा प्रयत्न, फसला असं लगेच ठरवू नका. माणसाच्या आतड्याच्या कॅन्सर पेशींमध्ये गॅमा-ट्युब्युलिन जवळजवळ काढून टाकलं तरी इतर प्रोटीन्सच्या जोरावर मायक्रोट्युब्यूल बनतात, फक्त उशिरा, हे २०२१ मध्ये दाखवलं गेलंय. म्हणजे फरक ३० सेकंदांच्या आणि १ मिनिटाच्या कव्हरस्लिपवर दिसेल, १० मिनिटांच्या कव्हरस्लिपवर बहुतेक दिसणार नाही, वेस्टर्नवर प्रोटीन खरंच किती उरलंय ते बघा आणि लवकरच्या वेळा परत लावा.